वरून आलेलं ठेवा, खालून आलेलं पुसा

माझी उभी नोकरी पुसण्यात गेली. फळा नव्हे, फरशी नव्हे, मशीनमध्ये आलेले संदेश. सरकारी दफ्तरात लिहिणाऱ्याला थोडा मान असतो, सही करणाऱ्याला बक्कळ असतो, पुसणाऱ्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. पुसू नये ते पुसलं गेलं की मात्र सगळे आपापली कामं टाकून त्याच्या टेबलाभोवती गोळा होतात. निवृत्त माणसं आपल्या बागेबद्दल लिहितात. माझ्याकडे बाग नाही, ही पुसापुशी आहे.

परभणीतल्या एका मोठ्या कचेरीत मी संगणक ऑपरेटर होतो. कचेरीचं नाव सांगत नाही. आत नोकरी केलेले ओळखतील, बाहेर बाकावर बसून गेलेले तर डोळे मिटून ओळखतील. गाव माझं झरी. बी.एस्सी. झालो, औरंगाबादला संगणकाचा कोर्स केला आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद शेवटाला येत होता त्या सुमाराला इथं चिकटलो. गावात बातमी गेली की पांचाळाचा पोरगा टीव्हीच्या दुकानात लागला. मी ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही, कारण टीव्हीच्या दुकानाला गावात जास्त वजन होतं.

मशीन आलं तेव्हा गच्चीवर एक मोठी पांढरी तबकडी बसवली आणि खालच्या एका खोलीत मशीन ठेवलं. मशीनला उकाडा सोसत नाही म्हणून त्या खोलीला एसी लावला. साहेबांच्या खोलीत पंखा आणि मशीनला एसी, हे साहेबांना झेपलं नाही. परभणीचा उन्हाळा सुरू झाला की ते रोज दुपारी ‘प्रगती पाहायला’ आमच्याकडे यायचे आणि खुर्चीत बसून, डोळे मिटून, प्रगती पाहायचे. कधी कधी प्रगतीचा घोरण्याचा आवाज यायचा.

धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला. आमचे हेडक्लार्क दिगंबरराव आत आले की आधी मशीनला हात जोडायचे आणि मग मला झापायचे. ते निजामाच्या राज्यात शाळा शिकलेले, उर्दूवर हुकमत. फाइलला शेवटपर्यंत ‘मिसल’ म्हणाले. कागद आला की त्याला नंबर, नंबर मिळाला की मिसल, मिसल झाली की कपाट, यापलीकडे त्यांना देवधर्म नव्हता. माणूस वाईट नव्हता. पण कागद दिसल्याशिवाय जगात काही घडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आता धंदा समजावून सांगतो. आज ज्याला ईमेल म्हणतात आणि शाळेतली पोरंसुद्धा ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, ते तेव्हा आमच्याकडे तबकडीवरून यायचं आणि मशीनच्या पेटीत पडायचं. पेटी म्हणजे लाकडाची नाही. मशीनमध्ये एक लांबलचक लिखाण असतं. नवा संदेश आला की तो जुन्याच्या खाली चिकटतो. प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर एक ओळ असते: हा कुणाकडून आला. त्या ओळीवरून मशीनला कळतं की आधीचा संपला आणि दुसरा लागला. जागा बेताची. तुमच्या फोनमध्ये लग्नाचे जे ढिगानं फोटो आहेत, त्यातला एक जरी आमच्या पेटीत टाकला असता तरी पेटीनं दम सोडला असता. पेटी भरली की पुढचा संदेश दारातूनच परत जायचा.

आणि पेटी भरायची कशानं, तर दौऱ्यांनी. आमचे वरचे साहेब औरंगाबादला बसत. त्यांना आम्ही ‘मोठे साहेब’ म्हणायचो. त्यांचा दौरा कार्यक्रम यायचा. मग सुधारित दौरा कार्यक्रम. मग दौरा रद्द. मग रद्द केलेला दौरा कायम. मध्येच कुणाला पदोन्नती मिळाली म्हणून शुभेच्छा, आणि शुभेच्छांबद्दल आभार. काम असलेला संदेश म्हणजे पोह्यातला शेंगदाणा. तो शोधायलाही चाळणी लागायची.

असा एक शेंगदाणा हवा होता सुमनबाईला.

सुमनबाई म्हणजे आमच्या रामकिशनची बायको. रामकिशन साहेबांच्या दारावरचा शिपाई. कावीळ झाली, अंगावर काढली आणि गेला. पदरी एक शाळेतली पोरगी. नवरा नोकरीत असताना गेला तर त्याच्या जागी बायकोला घ्यायची सरकारची पद्धत आहे, त्याप्रमाणे तिचा अर्ज औरंगाबादला गेला होता. तिथून नेमणुकीचा आदेश यायचा होता आणि मोठ्या साहेबांचा हुकूम होता की इथून पुढं आदेश मशीनवरून जातील, सहीची प्रत टपालानं मागाहून. आता सरकारातलं ‘मागाहून’ म्हणजे कधी, ते तुम्हाला सांगायला नको. आणि सुमनबाईला मागाहून चालणार नव्हतं. नोकरीला लागायला वयाची अट असते. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी मनानं जी जन्मतारीख ठोकली होती, तिच्याप्रमाणे ती अट फेब्रुवारीच्या एक तारखेला ओलांडली जात होती. गावातल्या सगळ्या पोरांना एक जून आणि हिलाच एक फेब्रुवारी का, ते त्या मास्तरांनाच ठाऊक. एक तारखेच्या आत आदेश हातात पडून ती हजर झाली तर नोकरी, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या रानात रोजानं खुरपणं.

दर सोमवारी ती पालमहून एस.टी.नं यायची आणि बाकावर बसायची. मी खोलीबाहेर आलो की विचारायची, “भाऊ, आलंय का काई?”

“नाही हो बाई. येईल.”

“त्या ताटात पडल ना?” ती गच्चीवरच्या तबकडीकडं बोट करायची. “मंग वारं सुटलं, उडून गेलं, असं तर न्हाई ना व्हायचं?”

मी हसायचो. वाऱ्यानं नाही उडत, म्हणायचो. कशानं उडतं ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

पावसाळा संपता संपता पेटी तुडुंब भरली आणि बाहेरचे संदेश परत जायला लागले. मी दिगंबररावांना जाऊन सांगितलं की जुने संदेश पुसावे लागतील. ते एकदम उभे राहिले.

“पुसणार? सरकारी कागद? पांचाळ, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? वर्गवारी झाल्याबिगर चिटोरंसुद्धा नष्ट करता येत न्हाई!”

वर्गवारी म्हणजे अ, ब, क, ड. अ कायम ठेवायचे, ड लवकर जाळायचे. मी म्हणालो, हे कागद नाहीत. ते म्हणाले, मग कागद कर. झालं! मी पेटीतला प्रत्येक संदेश छापून काढला. प्रिंटर दिवसभर किरकिर करत बसायचा. दिगंबररावांनी चष्मा पुसून पुसून सगळ्यांची वर्गवारी केली, ड वर्गाचा गठ्ठा बांधला, साहेबांची मंजुरी घेतली, आणि कचेरीच्या मागं, बाभळीखाली, चार पंचांसमोर त्याची होळी केली. पंचनाम्यावर सह्या झाल्या. राख थंड झाल्यावर दिगंबरराव हात झटकत माझ्याकडं आले.

“हां. आता बघ. झाली ना पेटी रिकामी?”

कपाळावर हात मारून घेतला. पेटी जशीच्या तशी भरलेली. मी त्यांना सांगायला लागलो की हे छापलेले कागद वेगळे, मशीनमधलं मूळ वेगळं. ते माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मीच सरकारशी बेइमानी करतोय. “पंचनामा झालाय,” ते म्हणाले. “आता ते नष्ट झालंय. मशीनला समजत नसंल तर मशीनला समजव.”

शेवटी मी साहेबांना गाठलं. साहेब पुण्याकडचे, बोलायला गोड, आणि आपल्या कचेरीतलं मशीन एकदाही बंद पडलेलं नाही असं दर महिन्याला वर कळवणारे. ते म्हणाले, “पांचाळ, सोपं आहे. प्रत्येक संदेश वाचत बसायची गरज काय? वरून आलेलं ठेवा, खालून आलेलं पुसा.”

मी म्हणालो, “सर, खालून म्हणजे?”

“म्हणजे अधिकाऱ्यांचं ठेवा. कारकून, ऑपरेटर वगैरे मंडळींचं पुसा. छापूही नका, कागद महाग आहे. महत्त्वाचं असेल तर अधिकारी स्वतःच्या नावानं पाठवतीलच की.”

मी म्हणालो, “सर, अधिकारी स्वतः टाइप करत नाहीत. कामाचे संदेश ऑपरेटरच्याच नावानं येतात. अधिकाऱ्यांच्या नावानं येतात ते दौरे आणि शुभेच्छा.”

साहेबांनी कागद पुढं ओढला. मग म्हणाले, “तुम्ही तांत्रिक बाजू सांभाळा.” आणि लेखी हुकूम काढला. खाली ठसठशीत सही.

हुकूम म्हणजे हुकूम. मी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला एकदाच लिहून दिलेलं कामाचं टाचण. तेच तेच काम रोज सांगायला नको. माझ्या स्क्रिप्टमध्ये साहेबांनी सांगितलेल्या अधिकाऱ्यांची नावं होती. दर शनिवारी दुपारी ती आपोआप उठायची, पेटीतल्या एकेका संदेशाच्या डोक्यावरची ओळ वाचायची, नाव यादीत असलं तर संदेश ठेवायची, नसलं तर पुसायची. खाली काय लिहिलंय ते ती वाचत नव्हती. या बाबतीत तिचं आणि साहेबांचं छान जमलं. काम मात्र झोकात करायची, हे मी छाती पुढं काढून सांगतो. पहिल्याच शनिवारी पेटी निम्मी रिकामी झाली. दिगंबरराव म्हणाले, “बघ! पंचनाम्याचा असर झाला.”

मी इथं असायचो तेव्हा शनिवारच्या आधी सगळे संदेश डोळ्याखालून घालायचो. खालच्यांचे छापायला बंदी होती, वाचायला नव्हती. कामाचं दिसलं की त्या त्या टेबलाला तोंडी जाऊन सांगायचो. असं निभत होतं.

डिसेंबरात प्रिंटरचं छपाईचं हेड बसलं. दुरुस्तीला औरंगाबादशिवाय इलाज नव्हता, म्हणून मी ते फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो आणि दोन दिवसांचं काम आठवडाभर रेंगाळलं. तिथं मोठ्या साहेबांच्या ऑफिसात फारुख नावाचा ऑपरेटर होता. मशीनवरून रोज गाठ पडायची, प्रत्यक्ष पहिल्यांदाच भेटलो. चहा पाजला आणि म्हणाला, “अरे यार, तुझी ती पालमची बाई. तिची ऑर्डर काढली साहेबांनी. परवाच पाठवली मी. आता पेढे आण.”

मी खरंच पेढे घेतले. सोमवारी परभणीला उतरलो तो थेट कचेरीत. सुमनबाई बाकावर होती. मी लांबूनच ओरडलो, “बाई, आली तुमची ऑर्डर!” तिनं तोंडाला पदर लावला आणि रडायलाच लागली. मी आत गेलो, चपला काढायचंसुद्धा भान राहिलं नाही. पेटी उघडली. मोठ्या साहेबांचा दौरा होता, सुधारित दौरा होता, नाताळच्या शुभेच्छा होत्या. ऑर्डर नव्हती.

फारुखनं ती फारुखच्या नावानं पाठवली होती. मधला शनिवार स्क्रिप्टचा होता, हे पेढ्यांच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

लोक विचारतात, पुसलेलं परत नाही आणता येत? कागद फाडला तर तुकडे जोडता येतात, जाळला तर निदान राख राहते. आमच्या त्या मशीनमध्ये पुसलं म्हणजे पुसलं. त्या जागेवर पुढच्या दौऱ्याचा कार्यक्रम येऊन बसलेला असायचा. मी बाहेर आलो तेव्हा सुमनबाई डोळे पुसून, पदर नीट करून, सही करायला तयार उभी होती. तिला ते सांगणं माझ्या जिवावर आलं. नोकरीत शिव्या खाल्ल्या, मेमो खाल्ले, पण तो पेढ्याचा पुडा हातात धरून उभं राहण्याइतकं वाईट कधी वाटलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, “म्हंजी आली व्हती.”

“आली होती.”

“आन् तुमच्या मशीननं खाल्ली.”

मी साहेबांकडं गेलो. आदेश मिळाला नाही, पुन्हा पाठवा, एवढं एका ओळीचं पत्र हवं होतं. त्याशिवाय फारुखला तोच आदेश दुसऱ्यांदा पाठवता येत नव्हता, कारण त्याच्या दफ्तरी तो ‘पाठविला’ असा लागला होता. साहेब गोड हसले.

“पांचाळ, मिळाला नाही असं कसं लिहायचं? आपलं मशीन शंभर टक्के चालतं असं मी वर कळवलंय.”

“मग मिळाला असं लिहा, सर, आणि बाईंना हजर करून घ्या.”

“पण आदेश कुठं आहे?”

“पुसला गेला, सर. आपल्या नियमानं.”

“मग मिळाला असं कसं लिहायचं?”

दिगंबररावांनी तर विषयच संपवला. “नंबर पडलेला न्हाई म्हंजे कागद आलेलाच न्हाई. आला न्हाई तर जाईल कुठून?” असा हिशेब.

जानेवारी उजाडला. नामांतर झालं आणि सगळीकडं बंदोबस्त लागला. एस.टी. कधी चालू, कधी बंद. सुमनबाई तरीही यायची, मिळेल त्या वाहनानं. एका सोमवारी मी तिच्याशेजारी बाकावरच बसलो आणि वरून-खालूनचा सगळा नियम तिला नीट उलगडून सांगितला. माझं म्हणणं एवढंच, की बाई उगाच माझ्या नावानं बोटं मोडत असतील तर मोडू नयेत. तिनं मध्येच विचारलं:

“मोठ्या साहेबाचं काईच पुसत न्हाई?”

“काहीच नाही. शुभेच्छासुद्धा ठेवतो.”

“आन् त्याच्या कागदात खाली काय लिवलंय, ते मशीन बगत न्हाई?”

“नाही. फक्त वरचं नाव बघतं.”

“मंग मला त्याच्या कागदात बसवून धाडा की,” ती म्हणाली. “एस.टी.त जागा नसली की आमी सरपंचाच्या जीपला लटकून येताव. जीप कुणी आडवत न्हाई.”

इतका कोर्स केला, स्क्रिप्टही माझीच, पण हे मला सुचलं नव्हतं.

फारुखला मशीनवरून कळवलं. तो म्हणाला, आदेश खराच आहे, चोरी थोडीच आहे, मोठ्या साहेबांच्या पुढच्या कागदाला जोडून टाकतो. पुढचा कागद अर्थातच दौरा कार्यक्रम होता. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मोठे साहेब परभणीला येणार. आगमन, स्वागत, पाहणी, बैठक, भोजन, विश्रांती, आणि त्याच्या खाली फारुखनं सुमनबाईचा आदेश चिकटवलेला. सगळं रोमन लिपीत, मध्ये रेघ नाही, मोकळी जागा नाही.

शनिवारी स्क्रिप्टनं त्याला हात लावला नाही. दौरा म्हटल्यावर भराभर प्रती निघाल्या, टेबलोटेबली गेल्या. सगळ्यांनी पेन्सिल घेऊन वाचला. दिगंबररावांचं बोट ‘विश्रांती’च्या खाली येऊन थांबलं.

“पांचाळ, हे काय हाय? सुमन रामकिशन यांस शिपाई पदावर नेमणूक.”

मी म्हणालो, “कार्यक्रमात आलंय, रावसाहेब.”

“ते दिसायलंय मला. म्हंजे विश्रांतीनंतर हा कार्यक्रम. मोठ्या साहेबांच्या हस्ते.” ते ताडकन उठले. “अरे, मग इंतजाम नको का? हार पाहिजे, फोटोवाला पाहिजे! फौरन पालमला निरोप धाडा, बाईला म्हणावं नवं लुगडं नेसून ये!”

ज्या माणसानं आदेश आलेलाच नाही म्हणून हात झटकले होते, त्यानं तोच आदेश चांगल्या कागदावर टाइप करून घेतला, नंबर टाकला, मिसल उघडली आणि लाल फितीत बांधून टेबलावर ठेवला. कुणाला शंका आली नाही. दौऱ्यात लिहिलंय म्हणजे करायचं. दौऱ्यात ‘विहिरीत उडी’ असं लिहिलेलं असतं, तर दिगंबररावांनी आधी विहीर झाडून घेतली असती.

दौऱ्याच्या आधीचा शनिवार. मी सकाळी पेटी उघडली आणि बघतो तर काय, एक नवा संदेश. बंदोबस्तामुळे मोठ्या साहेबांचा सोमवारचा दौरा रद्द.

आता काय? दौरा रद्द म्हणजे कार्यक्रम रद्द. हार परत, फोटोवाला परत, लाल फीत कपाटात. पुढचा दौरा फेब्रुवारीत कधीतरी. तेव्हा सुमनबाईला नोकरीला लावायचं म्हटलं तर दाखल्यावरची तारीख बदलायला मास्तरांनाच गाठावं लागलं असतं. मी संदेशाच्या डोक्यावरची ओळ वाचली.

संदेश फारुखच्या नावानं आला होता.

एरवी दौऱ्याचं सगळं तो मोठ्या साहेबांच्या नावानं पाठवायचा. हा एवढाच स्वतःच्या नावानं का पाठवला, ते मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. साहेबांचा लेखी हुकूम माझ्या समोर भिंतीवर टाचलेला होता. खालच्यांचं छापू नका. एरवी मी असा संदेश तोंडी जाऊन सांगितला असता. त्या दिवशी मला हुकमाबद्दल अचानक फार आदर वाटायला लागला. मी दार ओढून घेतलं, चपला घातल्या आणि चहाला गेलो.

कँटीनच्या दारात दिगंबरराव भेटले. “काय रे, वरून काही आलंय का?”

“वरून काहीच नाही, रावसाहेब.”

दुसरा कप मागवला. मग भजी मागवली. परत आलो तेव्हा दुपार उलटली होती आणि पेटी स्वच्छ होती.

सोमवारी कचेरी नवरीसारखी सजली. पांढऱ्या चुन्याच्या रेघा, दारात रांगोळी, साहेब टाय लावून. औरंगाबादहून फोन कुणी केला नाही, कारण ‘आमच्याकडे फोन नको, संदेश पाठवा’ असं साहेबांनीच सगळीकडं ऐकवून ठेवलं होतं. आगमनाची वेळ गेली, स्वागताची गेली, पाहणीची गेली. भोजन साहेबांनीच उरकून घेतलं, गार होत होतं म्हणून. विश्रांतीही त्यांनी घेतली, आमच्या एसीत. जागे झाल्यावर दिगंबररावांनी कार्यक्रमाचा कागद पुढं केला.

“सर, एवढंच राहिलंय. कार्यक्रमात हाय. मोठ्या साहेबांनी विचारलं, का केलं न्हाई, तर काय सांगायचं?”

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, टाय सारखा केला आणि म्हणाले, “घ्या उरकून.”

सुमनबाई हिरवं लुगडं नेसून आली होती. साहेबांनी तिच्या हातात लाल फितीचा आदेश दिला, हजर झाल्याच्या कागदावर तिथंच सही घेतली, फोटोवाल्यानं दिवा चमकवला. मग साहेबांना बोलायची हुक्की आली. “आज आपण पाहतो आहोत,” ते म्हणाले, “की संगणकामुळे पालमच्या एका गरीब भगिनीला क्षणार्धात न्याय मिळाला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न वाजवून करतो काय? टाळ्या थांबल्यावर साहेब म्हणाले, “बाई, तुम्हीही दोन शब्द बोला.”

सुमनबाईनं आदेश छातीशी धरला. आधी वाटलं, ही रडेल. रडली नाही.

“साहेबांचं लय उपकार,” ती म्हणाली. “आता मी बी सरकारची माणूस झाले. पर एक इचारते. माझ्या खाली तर कुणीच न्हाई, मी समद्यात खालची. मंग उद्या म्या तुमाला काई कळवलं, तर ते ठिवताल, का पुसताल?”

सगळे खो खो हसले. साहेबांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो टिपला आणि पुढं कितीतरी दिवस तो साहेबांच्या खोलीत लागलेला होता. मला हसू आलं नाही. तिनं विनोद केला नव्हता, विचारलं होतं, आणि उत्तर कुणीच दिलं नाही. भिंतीवरचा हुकूम कुणी काढला नाही. त्या शनिवारी दुपारी स्क्रिप्ट नेहमीसारखी चालली.